योहान १५:२ – फाटा ‘काढून टाकतो’ की ‘उचलतो’?

शरणपूररोडकर: मंडळी, योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला द्राक्षवेल, शिष्यांना फाटे आणि देवपित्याला माळी म्हणतो. तिथे मराठी बायबलात ‘माझ्यातील फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो’ असं आहे. पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘उचलतो’ आहे, असं काही जण सांगतात. मग बरोबर काय?

वचनवाचक: ‘आयरो’ या क्रियापदाचे दोन्ही अर्थ होतात. योहान ११:४१ बघा: धोंड काढली आणि येशूने दृष्टी वर केली, दोन्हीकडे हेच क्रियापद! म्हणून नुसत्या शब्दकोशावर निकाल लावू नका. सहाव्या वचनात फाटे फेकले जातात, वाळतात, जळतात. त्यामुळे ‘काढून टाकतो’ हेच मला पटतं. शिवाय ‘आयरेइ’ (‘आयरो’चंच रूप) आणि ‘काथाइरेइ’ (साफ करतो) असा ध्वनीचा खेळ आहे, आणि तिसऱ्या वचनातलं ‘शुद्ध’ त्याच घराण्यातलं. भाषांतरात हा खेळ हरवतो.

निफाडकर: बागेतलं सांगतो. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठी). घड नसलेल्या फुटी विरळणीत काढतात, नाहीतर गर्दी होऊन घडाला ऊन-वारा मिळत नाही आणि भुरी (पांढरी बुरशी) धरते. तारेवर काडी उचलून बांधणं हे वेगळं काम. फक्त आपलं दोन छाटण्यांचं वेळापत्रक येशूच्या यहूदिया प्रांतावर लादू नका, तिथे वेल हिवाळ्यात सुप्त असतो.

शरणपूररोडकर: मग ‘माझ्यातील’ फाटा तोडला म्हणजे तारण (देवाने दिलेली मुक्ती) गेलं?

वचनवाचक: इथेच पंथ वेगळे होतात दादा. कॅल्व्हिनवादी (खरं तारण जात नाही असं मानणारे) म्हणतात तो फाटा नावापुरताच जोडलेला होता, आर्मिनियन (ते गमावता येतं असं मानणारे) म्हणतात खरोखर तुटला. आधी १३:१०-११ वाचा: ‘तुम्ही शुद्ध आहात, पण सगळे नाही.’ तिथे रोख येशूला धरून देणाऱ्या यहूदावर आहे.