मदत हवी आहे : बार्सिलोनाच्या खात्यात फेअर्स कप धरायचा की नाही?

नमस्कार मंडळी,

गणपतीत सोसायटीतल्या मुलांसाठी फुटबॉलची प्रश्नमंजुषा ठेवली आहे. प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आलंय आणि एका प्रश्नापाशी गाडी अडली आहे. ‘बार्सिलोनाने युएफा कप किती वेळा जिंकला?’ (युएफा म्हणजे युरोपातल्या फुटबॉलची संघटना.) मी उत्तर लिहिलं होतं, एकदाही नाही. मामांनी कागद पाहिला, खिशातलं पेन काढून ते खोडलं आणि वर लिहिलं, ‘३ वेळा. १९५८, १९६०, १९६६.’ फुटबॉलच्या बाबतीत मामा सहसा चुकत नाहीत.

शोधल्यावर कळलं की ते म्हणतात तो इंटर-सिटीज फेअर्स कप. युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) सुरू झाला त्याच वर्षी, १९५५ ला, हाही निघाला. ज्या शहरांत आंतरराष्ट्रीय व्यापारी प्रदर्शनं भरत, त्या शहरांच्या संघांसाठी. सामने प्रदर्शनांच्या तारखा सांभाळून घ्यायचे, त्यामुळे पहिलीच स्पर्धा तीन वर्षं चालली! लंडनकडून तर एखादा क्लब नाही, वेगवेगळ्या क्लबांतले खेळाडू निवडून केलेला शहराचा संघ खेळला. अंतिम फेरीत लंडनला स्टॅमफर्ड ब्रिजवर २-२, आणि परतीच्या सामन्यात बार्सिलोनाने घरी ६-० ने धुतलं.

इथपर्यंत समजलं. पण हीच स्पर्धा पुढे युएफा कप झाली ना? मग मामांचं उत्तर बरोबर धरू का? आणि एका शहरातून एकच संघ असा नियम खरंच होता? मुलांना चुकीचं सांगायचं नाहीये, म्हणून विचारतोय.

प्रतिसाद १ :
तुमचं उत्तर बरोबर आहे, पण मामांचे आकडेही खरे आहेत. फेअर्स कप युएफाचा नव्हता, त्याची समिती वेगळी होती. १९७१ मध्ये युएफाने सूत्रं हातात घेतली, नवा चषक आणला आणि नाव युएफा कप ठेवलं. पुढे २००९ पासून तीच युरोपा लीग. फेअर्स कपची विजेतेपदं युएफा आपल्या अधिकृत यादीत धरत नाही. जुना चषक कायमचा कुणाकडे ठेवायचा यासाठी सप्टेंबर १९७१ मध्ये पहिला विजेता बार्सिलोना आणि शेवटचा विजेता, इंग्लंडचा लीड्स यांच्यात एक सामना झाला. बार्सिलोना २-१ ने जिंकला आणि चषक घेऊन गेला. जुनी स्पर्धा तिथेच संपली.

प्रतिसाद २ :
एक शहर एक संघ हा नियम होता, आणि त्याचा सगळ्यात मोठा फायदा न्यूकॅसल या इंग्लिश क्लबला झाला. १९६७-६८ च्या इंग्लिश लीगमध्ये ते दहावे होते, दहावे! पण लिव्हरपूलला जागा मिळाल्यामुळे त्याच शहरातला पाचवा एव्हर्टन बाहेर. चेल्सीमुळे लंडनचेच टॉटनहॅम आणि आर्सेनल दोघेही बाहेर. मँचेस्टरचे दोन्ही क्लब युरोपियन कपमध्ये, वेस्ट ब्रॉम कप विनर्स कपमध्ये (देशोदेशीच्या कप विजेत्यांची स्पर्धा). असं करत करत जागा न्यूकॅसलपर्यंत खाली आली आणि त्यांनी १९६९ ला चषकच जिंकला. अंतिम फेरीत हंगेरीच्या उइपेश्तविरुद्ध कर्णधार बॉबी मॉनकर बचावपटू असून दोन सामन्यांत तीन गोल मारून गेला. त्यानंतर मोठा चषक हाती यायला त्यांना २०२५ चा इंग्लंडमधला लीग कप उजाडला. म्हणून माझी विनंती, मुलांना ‘फेअर्स कप मोजत नाहीत’ एवढंच सांगून सोडू नका. त्या शहराने ५६ वर्षं तो एक चषक उराशी धरला होता.

धागाकर्ता :
दोघांचे मनापासून आभार. मामांना आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. लीड्सचा सामना ते विसरले होते, एकदम खूश झाले. जुना प्रश्न काढून टाकला. नवा असा : ‘लीगमध्ये दहाव्या आलेल्या कोणत्या इंग्लिश क्लबने पुढच्याच मोसमात युरोपातला चषक जिंकला?’ न्यूकॅसलचं स्पेलिंग चुकलं तरी पूर्ण गुण देणार आहे.