अरित्झ आदुरिझ तिशीनंतरच का बहरला?

साइडलाइन यांचा प्रश्न

स्पॅनिश स्ट्रायकर आदुरिझचा 16 ऑगस्ट 2019 चा, बिल्बाओच्या सान मामेस मैदानावरचा गोल परवा पुन्हा पाहण्यात आला. ॲथलेटिक बिल्बाओ विरुद्ध बार्सिलोना, मोसमाचा पहिलाच सामना, 0-0. 88व्या मिनिटाला इन्याकी विल्यम्सच्या जागी आदुरिझ उतरतो. उजवीकडून सहकारी कापाचा क्रॉस (बगलेतून गोलासमोर मारलेला चेंडू) येतो, आणि हा माणूस हवेत आडवा होऊन चेंडू जाळ्यात मारतो. मैदानात येऊन त्याला जेमतेम मिनिट झालं होतं आणि वय होतं 38.

त्यानंतर मी त्याचे मोसमवार आकडे काढून बसलो आणि गोंधळलो. विशीत एका मोसमात दहा-बारा गोल केले की खूप झाले, असा हिशेब. 31व्या वर्षी तो तिसऱ्यांदा बिल्बाओला येतो, आणि तिथून गोल वाढतच जातात. 2015-16 मध्ये सगळ्या स्पर्धा मिळून 36! त्या मोसमात त्याला 35वं वर्ष पूर्ण झालं. स्ट्रायकरचे आकडे त्या वयात उतरायला लागतात ना?

आधी तो खरंच सामान्य होता, की कोणाला कळला नाही? ही नुसती उत्सुकता नाही. मी 29 वर्षांचा आहे, हौशी संघात पुढे खेळतो, आणि गेल्या वर्षापासून बचावपटू मला धावण्यात गाठायला लागलेत. त्याने नेमकं काय बदललं, हे मला समजून घ्यायचंय.

---

दुसरा खांब यांचा प्रतिसाद

तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो. आदुरिझ हा माझा फार जवळचा विषय आहे. मी स्वतः बरीच वर्षं सेंटर-फॉरवर्ड खेळलो, आता मुलांना शिकवतो, आणि हेडर शिकवताना त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या चित्रफिती दाखवत नाही.

पहिली गोष्ट, तो सामान्य कधीच नव्हता. पण 31व्या वर्षापर्यंत कुठल्याही मोठ्या संघाने ‘हा आमचा नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, बाकीच्यांनी याच्यासाठी खेळायचं’ असं म्हटलं नाही. त्याचा प्रवास बघा. जन्म सान सेबास्तियानचा, 1981 चा. घरी डोंगरांचं वेड, त्यामुळे लहानपणी क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या स्पर्धांत उतरायचा. फुटबॉल अँतिगुओको या पोरांच्या क्लबात. तिथली पिढी म्हणजे शाबी अलोन्सो, मिकेल आर्तेता, आंदोनी इराओला! बिल्बाओच्या मुख्य संघात 2002 मध्ये प्रशिक्षक हाइन्केसने त्याला उतरवलं, पण ते मोजक्या सामन्यांपुरतंच. मग क्लबने सोडून दिलं. तो बुर्गोसला गेला, म्हणजे तेव्हाच्या तिसऱ्या श्रेणीत. तिथून वायादोलिद, दुसरी श्रेणी. तिथे गोल केले तेव्हा 2005 च्या शेवटी बिल्बाओने परत बोलावलं. अडीच मोसम खेळला, आणि 2008 मध्ये पुन्हा विकला. क्लबला पैशांची गरज होती, आणि त्याच्याहून तरुण नि उंच फर्नांडो योरेंते तयार होत होता.

एकाच क्लबाने दोनदा ‘नको’ म्हटलेला माणूस. तरी मायोर्कामध्ये दोन मोसमांत लीगचे 11 आणि 12 गोल केले, आणि दुसऱ्या मोसमात संघ पाचवा आला. मग 2010 मध्ये व्हॅलेन्सिया. तिथे त्याच उन्हाळ्यात स्ट्रायकर सोल्दादोही आला, म्हणजे पुन्हा कोणाच्या तरी पाठीमागे उभं राहणं.

2012 मध्ये बिल्बाओने त्याला तिसऱ्यांदा आणलं ते बदली म्हणूनच, असं माझं मत. पण योरेंतेचं कराराचं भांडण पेटलं, प्रशिक्षक बिएल्साने योरेंतेला बाकावर बसवलं, आणि जागा मोकळी झाली. पहिल्याच मोसमात आदुरिझचे लीगमध्ये 14 गोल. योरेंते 2013 मध्ये युव्हेंटसला गेला. पुढे लीगचे 16, 18, 20. तिथून मागे वळून पाहिलं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, बदललं काय. माझ्या मते त्याचं कसब फारसं बदललं नाही. त्या कसबाला लागणारा पुरवठा त्याला पहिल्यांदाच मिळाला. आदुरिझ फार वेगवान कधीच नव्हता आणि तसा उंचही नव्हता, सहा फुटांच्या आतबाहेर. त्याचं हत्यार म्हणजे उडीची वेळ. हे नीट बघा: चेंडू विंगरच्या पायात असतो तेव्हा तो सेंटर-बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, अगदी खेटून असतो, पाठीने, दंडाने. क्रॉस निघायच्या क्षणी अर्धं पाऊल मागे सरकतो. बचावपटू चेंडू बघत असतो, त्याला वाटतं आदुरिझ अजून तिथेच आहे. मग हा बचावपटूच्या किंचित आधी उडतो. आधी उडाल्यामुळे समोरचा उडतो तेव्हा त्याला आदुरिझचा खांदा आडवा येतो. लोक म्हणतात तो हवेत थांबतो. हवेत कोणीच थांबत नाही. दुसरा खाली राहिलेला असतो म्हणून तसं दिसतं.

दुसरं, तो गोलाच्या लांबच्या, म्हणजे दुसऱ्या खांबाकडे सरकतो. तिथे त्याच्या अंगावर सेंटर-बॅक नसतो, फुल-बॅक (बगलेचा बचावपटू) असतो. फुल-बॅक बुटका असतो आणि त्याचं लक्ष समोरच्या विंगरवर असतं. माझं इथलं नाव तिथूनच आलंय.

आता सांगा, यातलं काय वयानुसार झिजतं? तीस मीटरची धाव झिजते. अर्धं पाऊल झिजत नाही, उलट हजार क्रॉस बघून ते अधिक पक्कं होतं. फक्त तेवढे क्रॉस यायला हवेत. प्रशिक्षक वाल्वेर्देच्या काळात बिल्बाओमध्ये ते येत होते: सुसाएता, मुनियाईन, दे मार्कोस, आणि 2015 पर्यंत उजव्या बगलेतून इराओला. तोच अँतिगुओकोचा इराओला! पोरवयात एकाच क्लबात वाढलेले दोघं तिशी ओलांडल्यावर सान मामेसमध्ये एकमेकांना चेंडू पुरवत होते. ही गोष्ट मला अजूनही सुखावते.

तिसरं कारण क्लबाच्या धोरणात आहे. ॲथलेटिक फक्त बास्क भूमीत जन्मलेले किंवा तिथे घडलेले खेळाडू घेतं. दुसऱ्या क्लबात 32 वर्षांच्या स्ट्रायकरने चार सामने गोल केला नाही की जानेवारीत बाहेरून 23 वर्षांचा कोणीतरी येतो. बिल्बाओला तसा बाजार खुलाच नाही. त्यामुळे आदुरिझला सलग सामने मिळाले, कोरडे आठवडे गेले तरी मिळाले. त्याच धोरणामुळे त्याला दोनदा परत बोलवावं लागलं हेही खरं.

---

गोलफरक यांचा प्रतिसाद

दुसरा खांब, हेडरबद्दल पूर्ण सहमत. पण आकडे थोडे सोलून बघायला हवेत. नोव्हेंबर 2016 मध्ये गेंकविरुद्ध युरोपा लीगमध्ये त्याने एकट्याने पाच गोल केले, सामना 5-3. फार गाजलं ते, युरोपा लीगच्या एका सामन्यात पाच गोल करणारा पहिला खेळाडू म्हणून. पण त्या पाचातले तीन पेनल्टीचे होते. विशीत तो पेनल्टी घेणारा मुख्य माणूस नव्हता. शिवाय बिल्बाओ युरोपात खेळत असल्यामुळे सामनेही वाढले. 36 मधले 10 युरोपा लीगचे. म्हणून बहर खरा असला तरी दिसतो तेवढा मोठा नाही, असं मला वाटतं.

---

दुसरा खांब यांचा प्रतिसाद

मुद्दा रास्त आहे, म्हणून फक्त लीग घेऊ. 2014-15 मध्ये 18 आणि 2015-16 मध्ये 20. लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या स्पॅनिश खेळाडूला सारा पुरस्कार मिळतो, तो त्याने लागोपाठ दोन वर्षं घेतला. तेल्मो सारा हा बिल्बाओचाच जुना महारथी, त्यामुळे या पुरस्काराचं तिथे मोल वेगळंच.

आणि पेनल्टी मारायला मिळणं हीसुद्धा त्याची कमाई आहे. कोणत्याही संघात अकरा मीटरवरचा चेंडू ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा असतो त्याच्याच हातात येतो. तीस वर्षांपर्यंत तो याच्या हातात आला नव्हता.

मोठ्या सामन्यांचं म्हणाल, तर ऑगस्ट 2015 चा दोन सामन्यांचा स्पॅनिश सुपरकप. समोर बार्सिलोना, नुकतीच तीन करंडकं जिंकलेली. पहिला सामना सान मामेसवर 4-0. सान होसेने जवळजवळ मध्यरेषेवरून पहिला गोल केला आणि पुढचे तिन्ही आदुरिझचे: त्यातला पहिला हेडर, शेवटचा पेनल्टी. तीन दिवसांनी बार्सिलोनाच्या कॅम्प नूवर 1-1, तो एकही त्याचाच. ॲथलेटिकला 1984 नंतरचा पहिला करंडक मिळाला. एकतीस वर्षं! आईबापांनी पाहिलेलं पोरांनी पाहिलं नव्हतं. तो करंडक, एका पेनल्टीसकट, एका 34 वर्षांच्या माणसाने खेचून आणला. त्याच्या एका वर्षापूर्वी नापोलीविरुद्ध दोन गोल करून त्यानेच संघाला चॅम्पियन्स लीगच्या गटात नेलं होतं.

राष्ट्रीय संघाचंही असंच. पहिला सामना ऑक्टोबर 2010 मध्ये लिथुएनियाविरुद्ध, बदली म्हणून. दुसरा सामना मार्च 2016 मध्ये, उदिनेला इटलीविरुद्ध, आणि त्यात गोल! मध्ये साडेपाच वर्षं. इतक्या काळात माणूस आशा सोडतो. त्याच नोव्हेंबरात मॅसिडोनियाविरुद्ध गोल करून तो स्पेनसाठी गोल करणारा सर्वांत वयस्क खेळाडू ठरला, 35 वर्षं 275 दिवस. आधीचा विक्रम 1930 सालचा होता.

---

बाकावरून यांचा प्रतिसाद

धागा मस्त चाललाय. स्पेनमध्ये असे आणखीही आहेत, दोघांची नोंद करतो.

होसेलू. जन्म जर्मनीत, स्टुटगार्टचा. रेआल माद्रिदच्या मुख्य संघात 2011 मध्ये आल्मेरियाविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि लगेच गोल केला, तरी तिथे टिकला नाही. पुढे हॉफेनहाइम, फ्रँकफर्ट, हानोफर, स्टोक, देपोर्तिवो, न्यूकॅसल. घरंगळणारी कारकीर्द वाटावी अशी. मग आलावेसमध्ये सूर लागला. स्पेनसाठी पदार्पण मार्च 2023 मध्ये, 33वा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, बदली म्हणून येऊन दोन गोल. त्या मोसमात एस्पान्योलसाठी लीगचे 16 गोल करूनही क्लब खालच्या श्रेणीत गेला आणि हा उसनवारीवर माद्रिदला परतला. 8 मे 2024, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, बायर्न पुढे. 81व्या मिनिटाला होसेलू आत, 88व्या मिनिटाला बायर्नचा गोलरक्षक नॉयरच्या हातून सुटलेल्या चेंडूवर पहिला गोल, आणि भरपाईच्या वेळेत दुसरा. माद्रिदची दोन वर्षांपूर्वीची पॅरिसमधली अंतिम लढत त्याने प्रेक्षकांत बसून पाहिली होती.

आणि होर्खे मोलिना. पहिल्या श्रेणीत पोचला तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर. डिसेंबर 2021 मध्ये ग्रानादासाठी मायोर्काविरुद्ध हॅटट्रिक केली, वयाच्या 39व्या वर्षी. ला लीगाच्या इतिहासात इतक्या वयात हॅटट्रिक कोणाची नव्हती.

तिघांत एक साम्य दिसतं. वेगावर जगणारा एकही नाही.

---

साइडलाइन

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसरा खांब, तुमचा पहिला प्रतिसाद वाचून मी 2015 च्या सुपरकपचा पहिला सामना पुन्हा पाहिला, या वेळी चेंडूकडे न बघता फक्त आदुरिझकडे. तो जवळजवळ सगळा वेळ चालत असतो! मी मात्र चेंडू विंगरकडे गेला की लगेच पळत सुटतो आणि क्रॉस येईपर्यंत जागेवर पोचून उभा असतो. बचावपटूही माझ्याबरोबर आलेला असतो.

दोन प्रश्न राहिले. त्याचा शेवट कसा झाला? आणि हे अर्धं पाऊल सरावात कसं घोटायचं?

---

दुसरा खांब यांचा प्रतिसाद

शेवट वाईट झाला, आणि मला अजून बोचतो. 2019-20 हा शेवटचा मोसम असं त्याने आधीच जाहीर केलं होतं. ॲथलेटिक कोपा देल रेच्या, म्हणजे स्पेनच्या कप स्पर्धेच्या, अंतिम फेरीत पोचलं, समोर रेआल सोसिएदाद, म्हणजे त्याच्या जन्मगावाचाच क्लब. याहून चांगला निरोप कोणी रचला नसता. पण साथीमुळे सामना लांबला, आणि खुबा इतका झिजला होता की डॉक्टरांनी लवकरात लवकर कृत्रिम सांधा बसवायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, 20 मे 2020 ला, त्याने निवृत्ती जाहीर केली. ती अंतिम लढत एप्रिल 2021 मध्ये रिकाम्या मैदानावर झाली आणि सोसिएदादने 1-0 ने जिंकली. ॲथलेटिकसाठी त्याचे 172 गोल झाले, बहुतेक 31 ओलांडल्यावरचे. बार्सिलोनाविरुद्धची ती हवेतली कात्री किक, जिच्यापासून तुम्ही सुरुवात केलीत, ती त्याच झिजलेल्या खुब्यावर मारलेली होती.

आता सराव. विंगरला क्रॉस मारायला सांगा, पण त्याने पाय मागे घेईपर्यंत तुम्ही धावायचं नाही, हा एकच नियम. एक बचावपटू अंगावर घ्या आणि त्याला दंडाने चाचपत राहा, तो कुठे आहे हे डोळ्यांनी बघायला लागू नये. विंगरचा पाय मागे गेला की अर्धं पाऊल मागे, मग पुढे. सुरुवातीला प्रत्येक वेळी उशीर झालाय असं वाटेल. पहिले दोन आठवडे चेंडू डोक्यावरून जातील. माझ्या मुलांचेही जातात. त्या दोन आठवड्यांत धावायला परत लागू नका, आणि झाल्यावर इथे येऊन सांगा.