पोलान्स्कीचा सिनेमा गटात दाखवावा का? सल्ला हवा (नाशिक)

गंगापूररोडकर: नमस्कार. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आम्ही वीस-बावीस जण सिनेमा बघतो. या वेळी दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीचा 'द पियानिस्ट' ठरला होता. गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. त्या म्हणाल्या, "तेरा वर्षांच्या मुलीशी तसं वागून पळून गेलेल्या माणसाच्या नावाला मी टाळ्या वाजवणार नाही. तुम्ही बघा, मी येत नाही." सगळे गप्प झाले. कलाकृती आणि कलाकार वेगळे धरायचे का? धरायचे तर दाखवताना नेमकं काय करायचं? हॉल फुकट आहे, बाकी सगळं प्रोजेक्टरच्या भाड्यासकट १५०० रुपयांत बसवायचंय.

पंचवटीकर: बिनधास्त दाखवा. पडक्या घरात तो जर्मन अधिकाऱ्यासमोर पियानोला बसतो, तो प्रसंग मी आजवर विसरलेलो नाही. दिग्दर्शकाचं लहानपण पोलंडमधल्या क्राकोच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत गेलं, आई नाझींच्या आउशवित्झ छळछावणीत मारली गेली. ज्याने हे भोगलंय त्यालाच असा सिनेमा करता येतो. बाकी त्याचं खासगी आयुष्य मध्ये आणू नये. हे माझं वैयक्तिक मत.

सिडकोची_लेक: काका, खासगी आयुष्य तुम्हीच आणलंत. सिनेमा थोर आहे हे पटवायला त्याचं बालपण सांगायचं, आणि त्या मुलीच्या बालपणाचा विषय निघाला की कला वेगळी, कलाकार वेगळा? सांगायचं तर दोन्ही सांगा, नाहीतर दोन्ही सोडा.

मेनरोडवाला: प्रोजेक्टर भाड्याने अजिबात आणू नका. आम्ही वर्षभर आणला, दोनदा ऐन वेळी बंद पडला. शेवटी ३२ हजारांचा विकतच घेतला. स्पीकर मात्र वेगळा घ्या, आतला फारच बारीक वाजतो.

द्राक्षबाग: अमेरिकन दिग्दर्शक वुडी ॲलनसारखंच आहे हे, नुसते आरोप. सिद्ध कुठे काय झालंय? आणि नाशिकमध्ये राहून पोलंडची गोष्ट कशाला? दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकला, गेले नाशकात. 'राजा हरिश्चंद्र'ची उरलेली रिळं दाखवा. आपल्या माणसाचं काम आहे.

वकिली_चष्मा: दोन प्रकरणं एकत्र करू नका. ॲलनवर खटला कधी भरला गेला नाही, आणि त्यांनी आरोप सतत नाकारलेत. पोलान्स्कीने १९७७ मध्ये अल्पवयीन मुलीशी बेकायदा शरीरसंबंधाचा गुन्हा कोर्टात कबूल केला आणि १९७८ मध्ये शिक्षा सुनावण्याआधी अमेरिका सोडली. 'द पियानिस्ट'साठी २००३ मध्ये दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, ते घ्यायलाही जाता आलं नाही. पुढे २०१८ मध्ये ऑस्कर देणाऱ्या त्याच अकादमीने त्याला काढून टाकलं. जिच्यावर हे गुदरलं, त्या मुलीने मोठेपणी, २०१७ मध्ये, स्वतः कोर्टात येऊन प्रकरण संपवण्याची विनंती केली होती. कोर्टाने ती मानली नाही. तिचं म्हणणं कुणीच विचारात घेत नाही, याचा मला फार राग येतो.
अवांतर: ओटीटीची वर्गणी घरच्या वापरापुरती असते. हॉलमध्ये लोक जमवून दाखवायचं तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. आमच्या मंडळाला यावरून एकदा पत्र आलं होतं, तेव्हा धाबं दणाणलं होतं.

द्राक्षबाग: चूक मान्य. फाळक्यांचं मात्र मनावर घ्या.

पंचवटीकर: अहो, गोष्ट पोलान्स्कीची नाहीच मुळी. पियानोवादक व्लादिस्लाव श्पिलमन यांच्या स्वतःच्या आठवणींवर आहे तो सिनेमा. नाझींच्या ताब्यातल्या वॉर्सात ते जिवंत कसे राहिले, हे त्यांनी सांगितलंय. दिग्दर्शकाच्या पापासाठी श्पिलमनना का गप्प बसवायचं? त्यांची भूमिका करणाऱ्या एड्रियन ब्रॉडीने काय चूक केली?

कळवणची_सून: आमच्या ऑफिसात शनिवारी सिनेमा लावायचो. एकदा याच माणसाचा 'चायनाटाउन' लावला, आधी कुणाला काही न सांगता. त्यात बापाने मुलीवर केलेल्या अत्याचाराची गोष्ट आहे. आमच्यातली एक मुलगी मध्येच उठून गेली, नंतर जिन्यात रडत बसलेली दिसली. निवड माझी होती. तेव्हापासून सिनेमात काय आहे आणि करणाऱ्याबद्दल काय सिद्ध झालंय, हे दोन दिवस आधी ग्रुपवर टाकते. ज्याला यायचं तो येतो, न येणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. ताई, दाखवा, पण सांगून दाखवा.

सिडकोची_लेक: +१. सांगून दाखवा. पंचवटीकर काकांचा श्पिलमनचा मुद्दा मला पटला, हेही लिहून ठेवते.

मेनरोडवाला: सांगून दाखवा, बरोबर आहे. पडदा पांढराच घ्या, भिंतीवर रंग फिके दिसतात.

गंगापूररोडकर: सगळ्यांचे आभार. जवळजवळ सगळेच 'सांगून दाखवा' म्हणताय, परवापर्यंत माझंही तेच ठरलं होतं. मग काल बाईंकडे गेले. चहा झाल्यावर म्हणाल्या, तीस वर्षं मुलींच्या शाळेत होते, दोघीजणी एका सरांबद्दल माझ्याकडे येऊन बोलल्या होत्या, आणि तेव्हा मुख्याध्यापकांनी मला सांगितलं होतं की ते सर शिकवतात फार छान. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'द पियानिस्ट' वाईट आहे असं मी म्हणणार नाही, मी स्वतः तो तीनदा पाहिलाय आणि पुन्हा बघेन. पण तो ज्याला हवा त्याला घरी बघता येईल. आमच्या हॉलमध्ये दाखवणार नाही. या महिन्याचा सिनेमा बाई निवडतील. परवानगीचं आधी बघते, ते मला ठाऊकच नव्हतं.

पंचवटीकर: ताई, बाईंबद्दल वाचून वाईट वाटलं. तरी निर्णय पटला नाही. मी माझ्या घरी दाखवतोय, बाईंनाही निरोप द्या. बोलायला तरी याव्यात.