मदत हवी आहे: गुहागरला समुद्राजवळ मुक्काम, सोबत दुखरे गुडघे आणि दोन मुलं

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तीन रात्री गुहागरला जायचंय. सहा जण: आम्ही दोघं, आई-बाबा (बाबांचे गुडघे दुखतात), मुलं 6 आणि 10 वर्षांची. गाडी घरची. ज्या त्या हॉटेलने 'समुद्रापासून दोन मिनिटं' लिहिलंय. निवडायचं कसं? एसी हवा, मासे मिळाले तर उत्तम.

सुरूचं बन:
गुहागर लांबट गाव आहे. समुद्राला समांतर रस्ता, त्याच्या पश्चिमेला घरं, घरामागे नारळ-पोफळीची वाडी, मग सुरूची झाडं, मग पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. त्यामुळे 'दोन मिनिटं' विसरा आणि फोनवर एवढंच विचारा: तुमच्या वाडीतून थेट पुळणीवर वाट आहे का, की पाखाडीने (घरांमधल्या अरुंद वाटेने) वळसा घालून जावं लागतं? गाडी दारापर्यंत येते का, तेही विचारा. काही पाखाड्यांत मोठी गाडी वळत नाही, मग सामान उचलून न्यावं लागतं.

बाबांना खरा त्रास अंतराचा नाही, सुक्या वाळूचा. सुरूपासून ओल्या कडक वाळूपर्यंतच्या पट्ट्यात पाय रुततो आणि गुडघ्यावर सगळा ताण येतो. खोली तळमजल्यावरचीच घ्या, कमोडशेजारी धरायला दांडी आहे का बघा.

व्याडेश्वराच्या देवळाच्या आसपास राहिलात तर बाजार, खानावळी पायी होतात. वरचापाट, खालचापाट या गावातल्या वस्त्या शांत, पण रात्री औषध लागलं तर गाडी काढावी लागेल.

मचूळ:
मे आहे, म्हणून पाण्याचं आधी विचारा. किनाऱ्यालगतच्या विहिरी-बोअरिंगमध्ये उपसा वाढला की खारं पाणी शिरतं. साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात. 'पाणी भरपूर आहे' हे उत्तर नव्हे. 'आंघोळीचं पाणी गोडं आहे का, नळाचं की विहिरीचं?' असं विचारा.

दुसरं, वीज. 'बॅकअप आहे' म्हणजे बहुतेकदा इन्व्हर्टर, त्यावर पंखे आणि दिवे चालतात, एसी नाही. जनरेटरवर एसी चालतो का, हे स्पष्ट विचारा. बाहेरच्या युनिटचा फोटोही मागवा. खाऱ्या हवेत पत्रा आणि पंखे गंजतात, मग थंडावा कमी आणि खडखड जास्त.

धागाकर्ती:
एक जण समुद्र दिसणाऱ्या खोलीचे रोजचे हजार रुपये जास्त मागतोय. द्यावेत का?

सुरूचं बन:
मे महिन्यात नाही. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री तीच उष्णता आत सोडते. खारा वारा दिवसा येतो, रात्री वारा आलाच तर मतलई, म्हणजे जमिनीकडून. पूर्वेला खिडकी असलेली खोली झोपायला बरी. शिवाय मध्ये सुरू असले तर 'समुद्र' म्हणजे झाडांतून दिसणारी निळी चिरीच. तेच पैसे जनरेटर असलेल्या जागेला द्या.

भरती-ओहोटी:
मुलं आहेत म्हणून तारखा ठरवताना कॅलेंडरात तिथी बघा. जुना हिशोब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला 4 ची पाऊणपट 3, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि संध्याकाळभर ओहोटी, पाणी आत ओढतं. तेव्हा मुलांना घोट्याच्या वर जाऊ देऊ नका. दशमीला साडेसातला भरती, म्हणजे पाचला पाणी चढतं असतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण (सगळ्यात मोठी भरती), अष्टमीच्या सुमारास भांग (सगळ्यात लहान भरती). वद्य पक्षातही तिथी 1 पासूनच मोजा. आणि पाणी चढतं असो की उतरतं, मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच.

मचूळ:
माशांचं राहिलं. बऱ्याच घरगुती ठिकाणी फक्त शाकाहारी जेवण असतं आणि बाहेरून मासे आणूनही चालत नाहीत, बुकिंगआधी विचारा. रात्रीचं जेवण सकाळी सांगून ठेवा. उकडीचे मोदक हवे असतील तर नगांचा आकडा आदल्या दिवशीच द्या.