दोडक्याला फुलं ढीगभर पण माल टिकत नाही, उन्हाळ्यात काय करायचं?

सासवडचा_शेतकरी:
नमस्कार मंडळी. पुरंदर तालुक्यात आमचं २० गुंठे माळवं आहे, १० गुंठे भेंडी, ५ गुंठे दोडका मांडवावर, बाकी कोथिंबीर. विहिरीवर मोटर जेमतेम पाऊण तास चालते मग हवा ओढायला लागते. त्यात थ्री फेज लाईट या आठवड्यात रात्रीची, म्हणजे मी आणि आण्णा बॅटरी घेऊन १ वाजता बांधावर आणि साडेपाचला परत भेंडीचा तोडा. आई नि वहिनी हातात जुने मोजे घालून तोडतात तरी कोपरापर्यंत खाज. एवढं करून दोडका बोटाएवढा होतो, पिवळा पडतो आणि गळतो. दुकानदाराने टॉनिक दिलं, दोनदा मारलं, फरक शून्य. कीटकनाशक पण चालूय, दुपारी ऊन म्हणून संध्याकाळी सहाला मारतो. भेंडीची पन्नासेक झाडं पण पिवळी पडलीत. काय चुकतंय?

मांडववाला:
दादा सहाची फवारणी हाच घोळ आहे. काकडी, कारल्याची फुलं सकाळी उमलतात पण दोडक्याचं फूल उमलतं संध्याकाळी. सगळे सांगतात संध्याकाळी फवारा म्हणजे मधमाश्या वाचतात, ते सकाळी फुलणाऱ्या पिकांना खरंय, दोडक्याला नेमकं उलटं होतं, फूल उघडलं की वरून तुझं औषध. मग परागीभवन होणार कसं? फवारायचंच असेल तर पहाटे उजाडताना उरक. आणि सध्या आठ दिवस हाताने कर. ज्याच्या मागे बारीक दोडकी असते ती मादी, घोसात येतात ते नर. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या आणि मादीच्या मधोमध हलकं फिरवायचं. फुलं भरपूर म्हणतोस त्यातले बहुतेक नरच असणार, उष्णतेत नर वाढतात. टॉनिकचे पैसे गेले ते गेले.

जुन्नरची_ताई:
भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या झाल्यात का बघ भाऊ. तसं असेल तर तो मोझॅक, व्हायरस आहे, त्याला औषध नाही, पांढरी माशी पसरवते. ती पन्नास झाडं उपट, गोणीत भरून रानाबाहेर ने, बांधावर टाकू नकोस (आमच्याकडे सासऱ्यांनी जीव होत नाही म्हणून ठेवली होती, पंधरा दिवसात अर्धा प्लॉट पिवळा). कोथिंबीर पुढच्या वेळी मांडवाच्या सावलीत टाक, धने रगडून दोन फाळ्या करून.

बांधावरचा:
सगळं ठीक पण पाण्याचं कोणी बोलेना. पाऊण तासाच्या पाण्यात २० गुंठे भिजत नसतात, सगळंच अर्धं उपाशी राहतं. मी असतो तर भेंडीचा मोझॅकवाला भाग सोडून दिला असता आणि ते पाणी दोडक्याला दिलं असतं. ठिबक असेल तर उंचावर टाकी ठेवा, रात्री मोटर टाकीत सोडा, सकाळी कॉक उघडा, निदान वाफ्यात उभं राहायला नको. आणि रात्री जाताना बूट घालत जा रे, या दिवसात साप गारव्याला ठिबकच्या नळीखाली येऊन बसतात. सऱ्यांमध्ये उसाचं पाचट अंथरलं तर ओल टिकते, तुमच्या भागात मिळेल.

सासवडचा_शेतकरी:
शिरा पिवळ्याच आहेत ताई, काल झाडं उपटली, आई दिवसभर बोलली नाही. संध्याकाळची फवारणी बंद केली. शनिवारी साडेसहाला ३१ फुलांना हाताने केलं आणि खूण म्हणून देठाला लाल दोरा बांधला, आण्णा मांडवाखाली बसून म्हणतात काय फुलांची लग्नं लावतोस. आज पाचवा दिवस, दोऱ्याचे १९ दोडके हिरवे आहेत, वितीएवढे झालेत. आजपासून आण्णा पण दोरा घेऊन येणारेत. टाकीचं दोडक्याचा पहिला तोडा विकला की बघतो.