सौर पंप घेताना बोअरची खोली बघा

सौर पंप बसवला की शेतीच्या विजेचा प्रश्न मिटला, असं बरेच जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं.

आमच्याकडे तीन वर्षांपासून 5 एचपीचा आहे. मोठा फायदा बिलाचा नाही, झोपेचा झाला. पंपाला लागणारी थ्री फेज लाईट रात्रीची असायची तेव्हा वडील थंडीत बॅटरी घेऊन दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) जायचे आणि ते परत येईपर्यंत आई जागी. सरीत साप निघायचे. ते थांबलं, एवढ्यासाठीच मी सौरच्या बाजूचा आहे.

पण सकाळी आठला करंगळीएवढी धार येते. साडेअकरा ते अडीच पाइप भरून चालतो, चारनंतर पुन्हा धार बारीक. आभाळ आलं की पाणी तुटतं.

खरी अडचण खोल बोअरची. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पंप मुख्यतः जमिनीवरून ठरतो: अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाचपर्यंत 5, पुढे 7.5. आमच्या भावकीत एकाची दोन एकर जमीन, बोअर चारशे फूट. मेमध्ये 3 एचपीवर पुरेसं पाणी चढतच नाही. किमतीतला आपला हिस्सा फक्त 10 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 5) म्हणून घाईत अर्ज करू नका, आधी बोअरमधल्या पाण्याची उन्हाळ्यातली पातळी मोजून घ्या.

आणि कडक ऊन म्हणजे जास्त वीज असंही नसतं. पॅनल 25 अंशांच्या वर तापला की दर अंशाला 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. वर धूळ. आम्ही पहाटे, काच गार असतानाच, ओल्या फडक्यानं पुसतो.