किचनेट : शिकागोतला अर्थ

प्रश्न : नाटककार लोरेन हॅन्सबरीच्या वडिलांना, कार्ल हॅन्सबरींना, 'किचनेट किंग' म्हणत असं वाचलं. आपल्याकडे १ आरकेच्या जाहिरातीत किचनेट म्हणजे जेमतेम ओटा आणि सिंक. मग हे गृहस्थ काय ओटे बसवून द्यायचे?

उत्तर : नाही हो, घरं भाड्याने द्यायचे. शिकागोच्या साउथ साइडला किचनेट म्हणजे अख्खं बिऱ्हाड. जुना ऐसपैस फ्लॅट घ्यायचा, मध्ये आडोसे ठोकून खोलीगणिक एक कुटुंब घालायचं, प्रत्येकाला एक शेगडी द्यायची. न्हाणीघर मात्र सगळ्यांत मिळून एक. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीयांना ठरावीक पट्ट्याबाहेर घरच मिळत नसे, कारण गोऱ्या घरमालकांनी तसे आपापसांत करार केले होते. त्यामुळे मालक सांगेल ते भाडं. ग्वेंडोलिन ब्रुक्सच्या १९४५ च्या कवितेतही हाच किचनेट आहे, न्हाणीघर रिकामं व्हायची वाट बघण्यासकट.

आता लोरेनचं 'अ रेझिन इन द सन' बघा. मार्च १९५९ मध्ये ते ब्रॉडवेवर आलं. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेलं तिथलं हे पहिलं नाटक. पडदा उघडतो तेव्हा यंगर कुटुंबाची धांदल चाललेली असते ती शेजारच्या जॉन्सनांच्या आधी न्हाणीघर गाठायची. माणसं पाच, खिडकी एकच. पोरगं बाहेरच्या खोलीत कोचावर झोपतं.

लोरेन स्वतः मात्र खात्यापित्या घरची. ऐन मंदीत तिला पांढरा फरकोट घालून बालवर्गात पाठवलं, तर पोरांनी बडवलं! याच कार्लनी १९३७ मध्ये गोऱ्या वस्तीत घर घेतलं, जमावाने हल्ला केला, वीट लोरेनला लागता लागता राहिली. करारांविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊन त्यांनी १९४० मध्ये तो जिंकला. ज्या करारांमुळे किचनेटला गिऱ्हाईक मिळायचं, त्यांच्याशीच हा माणूस भांडला. चरित्रकार एक बाजू मोठी करून दुसरी उरकतात, ते मला पटत नाही.

प्रश्न : मग मराठीत 'चाळीतली खोली' म्हणावं का?

उत्तर : नको. चाळ मुळात चाळ म्हणूनच बांधतात. पुण्यातल्या वाड्यात खोल्या पाडून बिऱ्हाडकरू ठेवत, ते यापेक्षा जवळचं. नाटकाच्या अनुवादात पात्रांच्या तोंडी 'बिऱ्हाड' किंवा नुसतं 'खोली' चालेल. कार्लबद्दल लिहिताना 'किचनेट'च ठेवा आणि पहिल्याच उल्लेखात एका वाक्यात अर्थ सांगून टाका. 'किचनेटसम्राट' तेवढं करू नका, भांड्यांचं दुकान वाटेल.